घर सांभाळायचा आठवडा

क्लोव्हर बेंड, आयडाहो
गुरुवार, १६ ऑक्टोबर

मार्वाताई,

तुमचं पत्र सोमवारी मिळालं. गुडघे आता बरे असतील. इकडे पहिला बर्फ पडला आणि लगेच वितळलाही. हिवाळ्याची लाकडं फोडून झाली, केझायानेच फोडली. क्लेटनचा कोट अजून खुंटीवर आहे. भावाची आठवण म्हणून तो हवा, असं तुम्ही लिहिलंय. तो मी देणार नाही.

दुसरं तुम्ही लिहिलंय ते केझायाबद्दल. तिला तुमच्याकडे शहरात पाठवावी, वर्षभर रीतसर शाळेत बसली तर ‘घरी जे राहिलं ते भरून निघेल’. तुमचा जन्म शाळेत शिकवण्यात गेला आणि आम्ही मुलांना घरी शिकवलं, हे तुम्हाला कधीच रुचलं नाही. आमचा थोरला जोएल लहान असताना तुम्ही विचारायचात, “काय रे, यंदा वर्गात पहिला कोण आला? तू की तुमची गाय?” क्लेटन हसायचा. मीही हसायचे, कारण तुम्ही पाहुण्या होतात.

मुलांनी काय शिकून घराबाहेर पडावं असं आम्हाला वाटत होतं, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. गणित, इतिहास यायलाच हवा होता, तो आला. त्याशिवाय पाव भाजता यावा, गाडीचं चाक बदलता यावं, अनोळखी माणसाशी मान वर करून बोलता यावं. आणि आपण चुकलो तर दुसऱ्याचं नाव पुढे करू नये. हे शेवटचं क्लेटनचं.

आमच्यासारख्या घरी शिकवणाऱ्या कुटुंबांत इथे एक रीत आहे. मूल घर सोडणार असलं की त्याआधी एक आठवडा सगळं घर त्याच्या हाती द्यायचं. आई त्या आठवड्यात घरात राहत नाही, कारण तिचा हात आपोआप पातेल्याकडे जातो. बाप राहतो, पण पाहुण्यासारखा. आईला फोन करायचा नाही. बाकी कोणालाही काहीही विचारायची मुभा. जोएलच्या आठवड्यात घेवडा जळाला आणि पंप फुटला. क्लेटन ती गोष्ट कितीतरी वर्षं सांगत होता.

केझायाच्या आठवड्यात मी टेकडीपलीकडे लोईसच्या शेतावर होते. आमच्या धुराड्याचा धूर तिथून दिसतो. सकाळी धूर दिसला की मी समजायचे, सगळं ठीक आहे. त्या दिवशीही दिसला. मी लोईसचे कपडे वाळत घालत राहिले.

दुपारी क्लेटनच्या छातीत आणि जबड्यात दुखायला लागलं. केझाया म्हणाली, “बाबा, दवाखान्यात जाऊ, गाडी मी चालवते.” तो म्हणाला, “तुझ्याच हातचं खाल्लंय, दुखणारच.” ती म्हणाली, “मग आईला बोलावते.” “आईला फोन केलास तर आठवडा फुकट गेला समज.” हे तो हसत म्हणाला, असं ती सांगते. संध्याकाळी तो तिला गोठ्यात पडलेला सापडला.

दफन झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये जेवण होतं. केझाया चीज घातलेले बटाटे वाढत होती. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, “शाळेत गेलेल्या पोरीने आधी फोन उचलला असता. माझा भाऊ यांच्या परीक्षेपायी गेला.” केझाया म्हणाली, “हो आत्या, माझं चुकलं.” आणि तिने तुमच्या ताटात वाढलं. तुम्ही ते खाल्लंत.

परवा तुमचं पत्र मी तिला वाचायला दिलं. तिने ते वाचून परत घडी घातली. म्हणाली, तुमच्याकडे यायचं नाही, आणि जानेवारीत ठरलेल्या नर्सिंगच्या शिक्षणालाही जायचं नाही. “घरातल्या माणसाचं मला कळलं नाही, परक्याच्या अंगाला मी काय हात लावणार?”

मी रागावले. म्हटलं, “मी नव्हते, पण बाकी कोणाला तरी विचारायचंस की.”

तिने घडी घातलेलं पत्र माझ्यासमोर ठेवलं. मग म्हणाली, “विचारलं होतं.”

कोणाला, ते तुम्हाला ठाऊक आहे. बाबा फक्त मोठ्या बहिणीचं ऐकतात, म्हणून तिने तुम्हाला फोन लावला. तुम्ही म्हणालात, “क्लेटनचं पोट लहानपणापासून असंच आहे. पाण्यात सोडा घालून दे. आणि तुमच्या त्या आठवड्याच्या खेळात मला ओढू नकोस, मी आता निवृत्त झालेय.” तिने सोडा दिला. तुम्ही सांगितलंय म्हटल्यावर त्यानेही तो मुकाट्याने घेतला.

ताई, अशी चूक माझ्याकडूनही झाली असती. तेवढ्यासाठी मी हे पत्र लिहिलं नसतं. पण हॉलमध्ये तुम्ही बोललात ते त्या फोननंतर. फोन कोणी केला होता आणि कोणाला, हे त्या हॉलमध्ये दोघींनाच माहीत होतं. त्यातली एक गप्प राहिली आणि दुसरीने तिलाच दोषी ठरवलं.

केझाया मला म्हणाली, “आत्याला काही लिहू नकोस. तिचा भाऊ गेलाय.” आपली चूक आपण अंगावर घ्यावी, एवढंच आम्ही तिला शिकवलं होतं. दुसऱ्याची घ्यावी असं नाही. ते तिच्या मनातून पुसायचं काम आता माझ्याकडे आलंय, आणि क्लेटन नाही. म्हणून तिचं न ऐकता मी लिहिते आहे.

रविवारी प्रार्थनेनंतर त्याच हॉलमध्ये जेवण आहे. तुम्ही या. त्या दिवशी ज्या आवाजात बोललात त्याच आवाजात फोनचं सांगा, केझाया समोर असताना. मला त्यातून काही नको. जानेवारीत ती नर्सिंगला गेली पाहिजे, आणि मान वर करून गेली पाहिजे.

तुम्ही आला नाहीत तर मी सांगेन. मला चारचौघांत बोलायची सवय नाही, तेव्हा मी स्वतःचं काही घालणार नाही. फोनवर तुम्ही जे बोललात ते शब्दाला शब्द सांगून खाली बसेन.

आलात तर जेवूनच जा. या वेळी तुम्हाला मी वाढेन.

क्लेटनची बायको आणि केझायाची शिक्षिका,
रोवेना