हाक राहिलेली खांड

१० फेब्रुवारी १९९८, रोहा
आलो एकदाचा दवाखान्यात! खिडकीजवळची खाट, धुतलेली चादर, चहासुद्धा मनासारखा गोड. पोटावरची ही पिशवी आता सुटणार. गेल्या पावसात पेणकडच्या आमच्या खारबांधाला खांड पडली, खाडीचं पाणी शेतात घुसलं. ती बुजवताना लाकडी मेख माझ्या पोटात शिरली, आतडं फाटलं. डॉक्टरांनी आतड्याचं तोंड पोटावर काढून जीव वाचवला. माझा जोडीदार सखा मात्र वाहून गेला, सापडलाच नाही. आता तपासण्या नीट आल्या की आतडं परत जोडून पोट बंद करतील. बायकोला, पुतळीला, म्हटलं, शिमग्याला नाचणार. म्हणाली, "आधी नीट उभं तं रावा!"

११ फेब्रुवारी
रक्त दिलं, छाती तपासली. सगळं ठीक. उद्या पोटावरच्या तोंडातून औषध सोडून एक्सरे काढणार, म्हणून आतडं रिकामं हवं. दिवसभर नुसत्या पाण्यावर आहे. तरी पिशवी भरली. काळा चिखल, त्याला खाडीचा वास. नर्सबाई रागावल्या, चोरून काय खाल्लंत म्हणून. देवाशपथ, काही नाही.

१२ फेब्रुवारी
एक्सरे झाला. औषध नीट उतरलं, गळती नाही, डॉक्टर म्हणाले. मग फिल्मवर मधे दिसतायत ती पाच टोकं कसली, मी विचारलं. हवा असेल म्हणाले. मला बोटं दिसली. एका बोटात वळं. सखाच्या बोटात तांब्याचं वळं असायचं. मला भीती वाटतेय.

१३ फेब्रुवारी
पुतळीला सांगितलं. खांड बुजवताना पाण्यात उतरलेल्या एकेकाला आम्ही नावानं हाक मारतो. ओ आली की मगच शेवटचा चिखल टाकायचा. त्या दिवशी मला उचलून नेण्याच्या घाईत हाक राहिली, तशीच खांड बुजवली. हे मला आज कळतंय. "सखा भावजी बाहेर आलंच नाय वो," ती म्हणाली.
पिशवी पुन्हा भरली.

१४ फेब्रुवारी, सकाळ
तपासण्या उत्तम. डॉक्टर खूश. आत्ताच ऑपरेशनला नेणार. म्हटलं, बंद करू नका, आत — हसले. सगळेच घाबरतात म्हणे.
पिशवी गार पडलीय. आतून कोणीतरी चाचपतंय —
बंद करण्याआधी हाक मारायलाच हवी.
मारली. सखा —
ओ आली. माझ्या पोटातून. पुतळीनंही ऐकली, किंचाळली —
स्ट्रेचरची गाडी आणली. पुतळी, अडव गो त्यांना, आधी त्याला बाहेर