आतल्या मालासकट

कुचिंग,
२० फेब्रुवारी १९८१

ति. ताईस,
काइहुंगचा सा. न. वि. वि.

चिनी नववर्षाला तू पाठवलेलं खारवलेलं बदक पोचलं. ह्वी लानने त्याला हातही लावला नाही. वासानेच मळमळतं म्हणाली. म्हणून चार दिवस मी एकट्यानेच ते संपवलं आणि पाचव्या दिवशी शाळेत रजा टाकली.

आता कामाचं. आपल्या चर्चच्या लाऊ कारभाऱ्यांचं मला पत्र आलं आहे. म्हाताऱ्या तुंग कुईचं दारूचं दुकान त्यांनी विकत घेतलं, हे तू लिहिलं नव्हतंस. तीस वर्षं दारूविरुद्ध प्रवचनं देणारा माणूस दारूचं दुकान घेतो म्हटल्यावर मला वाटलं, शेवटी चटावली बिचाऱ्याची जीभ! पण तसं नाही. गावातली दोन्ही दारूची दुकानं घेऊन बंद करायची आणि नांगा सेमुदा कोरडं करायचं, असा त्यांचा बेत आहे. तुंग कुईच्या दुकानाचं वाचनालय होणार म्हणे. आता ते आपलं दुकान मागताहेत, आणि भाव चांगला देताहेत.

बाबांनी दुकान माझ्या नावावर केलं, तेव्हा तुला विचारायची तशी गरज नाही, पण विचारतो. लाकडाच्या व्यापारात लाऊंकडे पैसा आहे आणि मला इथे घर घ्यायचं आहे. तुझ्यासाठी एक खोली राहील, पंख्यासकट. त्रेचाळिसाव्या वर्षी बाटल्या कसल्या मोजत बसतेस?

ह्वी लानचा नमस्कार. रागावलीस तरी लोभ कमी करू नयेस.

तुझा,
काइहुंग


नांगा सेमुदा,
२ मार्च १९८१

चि. काइहुंग यास,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. पंख्याबद्दल आभार. इथे नदीवरून फुकट वारा येतो.

तुझी ती "तशी गरज नाही" मी तीनदा वाचली. बाबा गेले तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास आणि मी एकवीस. दुकान तुझं झालं, कारण तू मुलगा. तुझं बोटीचं भाडं, तुझी वह्या-पुस्तकं, तुझं कुचिंगचं कॉलेज याच दुकानातून निघालं आणि गल्ल्यावर बावीस वर्षं मी बसले. मी कधी बोलले नाही. आता बोलते. मला हे दुकान हवं आहे. मला विक. लाऊ जेवढे देईल तेवढेच देईन, फक्त हप्त्यांनी.

बिअर आणि ब्रँडी काय, नदीच्या वरच्या अंगाचे इबान आदिवासी मिरी विकायला आले की नेतात. त्याचं मला फार नाही. मागच्या खोलीचं आहे. तू लवकर गेलास म्हणून तुला आठवण करून देते. आपल्या फूचौ चिनी लोकांत बाळंतिणीला महिनाभर लाल तांदळाच्या दारूतली कोंबडी आणि शेवया लागतात, आणि गावात ती दारू घालते मी. सून गरोदर आहे असं कळलं की सासू आधी माझ्या मागच्या दाराशी येते, मग डॉक्टरकडे. मी बरणी घालते आणि बरणीवर खूण काढते, कारण पोट दिसेपर्यंत नाव घ्यायचं नाही. मासा कुणाचा, छत्री कुणाची, हे फक्त मला ठाऊक. नवऱ्यांना नंतर कळतं. पाद्रीसाहेबांना तर सर्वांत शेवटी.

सध्या नऊ बरण्या आहेत. एकीवर चष्मा आहे. गावात चष्मा कुणाचा मोठा, ते तू ओळख आणि गप्प बस.

लाऊ आपल्या कानाला गोड बोलतो खरा, पण त्याला उत्तर देण्याआधी मला उत्तर दे.

ह्वी लानला आशीर्वाद. तिचं वेगळं पत्र आलं, तिला वेगळं लिहिते. तुला काय करायचंय?

तुझी,
सिऊचिंगताई


कुचिंग,
२० मार्च १९८१

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

सही झाली. तुझं पत्र पोचण्याआधीच झाली, असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला लिहू? सही केली तेव्हा तुझं पत्र माझ्या खिशातच होतं. लाऊ सगळे पैसे एकदम देत होते आणि घरमालक दुसरं गिऱ्हाईक आलंय म्हणून घाई करत होता.

तुला त्रास नको म्हणून मी करारात "आतल्या मालासकट" असं घातलं आहे. बाटल्या मोजायला नकोत, उचलायला नकोत. नुसती किल्ली द्यायची आणि बोटीत बसायचं.

तू चिडली असशील. चीड, पण ये. खोलीला पडदे लावले आहेत. ह्वी लान हल्ली दिवसभर झोपते, तू असलीस तर तिलाही बरं वाटेल.

तुझा,
काइहुंग


नांगा सेमुदा,
८ एप्रिल १९८१

चि. काइहुंग यास,
आशीर्वाद. (अनेक आणि उत्तम हे दोन या खेपेला काढून ठेवले आहेत.)

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर लाऊ कारभारी चर्चची चार माणसं आणि एक अकॉर्डियन घेऊन दुकानावर आला. स्तोत्रं म्हणत म्हणत बाटल्या नदीत रिकाम्या करायला लागले. बिअरच्या झाकणांनी सगळ्यांचे अंगठे सोलले, तेव्हा तिसऱ्या कडव्यापासून सूर जरा रडवा झाला. तोवर मी ओट्यावर बसून मजा बघत होते. बाटल्या त्याच्याच होत्या. ओतू दे.

मग ते मागच्या खोलीकडे वळले. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, या बरण्या माझ्या नाहीत आणि तुमच्याही नाहीत, लोकांच्या आहेत. ठेव म्हणून आहेत. लाऊने अगदी शांतपणे विचारलं की कुणाच्या? नाव सांग बाई, मी बाजूला काढून ठेवतो. अर्धा बाजार ओट्यावर जमला होता. नऊपैकी आठ घरच्या बायका तिथेच होत्या आणि जी ती आपापल्या पायाचा अंगठा बघत होती. लाऊची बायको तर स्तोत्रांचं पुस्तक तोंडासमोर धरून उभी. माझ्या जिभेवर सगळी नावं होती, पण एक काढता येईना. काढलं असतं तर पुन्हा कुणी माझ्या मागच्या दाराशी आली असती का?

लाऊ म्हणाला की दारू विकणाऱ्या प्रत्येकाकडे असली एखादी गोष्ट असतेच. मग त्याने खिशातून कागद काढला आणि चष्मा पुसून सगळ्यांसमोर वाचला. आतल्या मालासकट. खाली तुझी सही, मास्तरांची, वळणदार. मी बाजूला झाले.

बरण्या खांबांवर उभ्या घराच्या खालच्या चिखलात ओतल्या. खाली डुकरं होती. दहा मिनिटांत ती लाल थोबाडं घेऊन गावभर झिंगत फिरली. एक चर्चच्या पायऱ्यांवर आडवं झालं ते सोमवारपर्यंत उठलं नाही. इतकी गाढ झोप चर्चमध्ये एरवी लाऊच्या प्रवचनालाच लागते.

हे मी हसत लिहिते आहे, पण त्या रात्री मी रडले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. हेही ठाऊक असू दे तुला.

कुचिंगला येणार नाही. तुंग कुईने त्याच्या घरची कोठी राहायला दिली आहे. लोक काय म्हणतील म्हणून मी कचरले, तर तो म्हणाला की त्र्याहत्तराव्या वर्षी त्याच्याबद्दल कुणी काही म्हणालं तर तो त्यांना जेवायला घालेल. सध्या तो लाऊच्या वाचनालयातला एकुलता एक वाचक आहे. पुस्तकाआड बाटली असते.

सिऊचिंगताई


कुचिंग,
२२ एप्रिल १९८१

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस तोंड लपवून हिंडलो. त्या बरण्यांचं माझ्या डोक्यातच आलं नाही गं. माल म्हणजे माल, एवढंच मला कळलं.

पण आज राग सोड, कारण बातमी ऐकून तू सोडशीलच. ह्वी लानला दिवस गेले आहेत! नऊ वर्षांनी! काल डॉक्टरांनी सांगितलं, आणि मग तिने मला सांगितलं की तिला फेब्रुवारीपासूनच वाटत होतं, पण आधी तीनदा गर्भ पडला तसं पुन्हा होईल म्हणून ती बोलली नाही. ऑक्टोबरात बाळंतपण. मी वर्गात पोरांना फळ्यावर चुकीचा भागाकार शिकवून आलो.

आमच्यासाठी एक बरणी घाल ना. इथल्या बाजारात मिळते ती दारू नुसतं रंगीत पाणी.

तुझा आनंदाने वेडा झालेला,
काइहुंग


नांगा सेमुदा,
३० एप्रिल १९८१

चि. काइहुंग यास, आशीर्वाद.

ह्वी लानने मला फेब्रुवारीतच लिहिलं होतं. तुझ्या आधी. आपल्याकडची रीत आहे ती, आणि परक्या गावात राहून तिने ती पाळली. अठ्ठावीस फेब्रुवारीला मी बरणी घातली. त्या दिवशी नवे कपडे घातले, कुणाशी वाकडा शब्द बोलले नाही. वर खूण काढली खडूची, मास्तराच्या घरची म्हणून. नववी बरणी.

ती तू विकलीस. डुकरांनी प्यायली.

दुसऱ्या दिवशी मी कोठीत पुन्हा तांदूळ शिजवला आणि सात बरण्या घातल्या. दोन घातल्या नाहीत. एक ओतणाऱ्याच्या घरची आणि एक विकणाऱ्याच्या.

ह्वी लानने जड उचलू नये. तिला माझे अनेक आणि उत्तम, दोन्ही.

सिऊचिंगताई


नांगा सेमुदा,
२६ मे १९८१

चि. काइहुंग यास,
आशीर्वाद.

महिना झाला, तुझं उत्तर नाही. तोंडात बोळा बसला असेल तर बसू दे. इथलं ऐक.

चर्चमध्ये दर रविवारी साठ माणसांच्या शेवया शिजतात, ठाऊक आहे ना? डुकरांच्या त्या रविवारपासून चूल पेटली नाही. बायकांना विचारलं की जी ती म्हणे, गुडघे दुखतात. सगळ्या गावाचे गुडघे एकदम! लाऊने आळसावर प्रवचन दिलं, तर गुडघे आणखी दुखले. शिवाय इबान लोक मिरी घेऊन पलीकडच्या बाजारात जायला लागले, कारण जिथे बिअर तिथेच ते रॉकेल आणि कापड घेतात. दुकानदारांचेही गुडघे दुखायला लागले.

शेवटी लाऊच्या बायकोने घरी त्याला सांगितलं की चष्म्याची बरणी कुणाची होती. धाकट्या सुनेला सातवा महिना सुरू आहे. त्याने स्वतःच्याच नातवंडाची बरणी स्तोत्र म्हणत ओतली होती.

तो संध्याकाळी तुंग कुईच्या मागच्या दाराशी आला. मी म्हटलं, मागचं दार सासवांचं. पुरुषांनी पुढून यावं, सकाळी, बोट लागली की. आला हो! मंगळवारी दहा वाजता, टोपी हातात घेऊन. काहीतरी पुटपुटला. मी म्हटलं, बावीस वर्षं बाटल्यांचा खणखणाट ऐकून माझे कान गेलेत. मग तो प्रवचनाच्या आवाजात म्हणाला की सिऊचिंगबाई, माझ्या सुनेला जुलैअखेर महिन्याची दारू लागणार आहे, आमची एक बरणी घाला. सगळी बोट ऐकत होती. सारंगाने भोंगा वाजवायचा थांबवला.

मला वाटलं होतं मजा येईल. पण म्हातारा घामाने भिजला होता आणि मान खाली घालून उभा होता. मला त्याची दया आली, मेल्याची.

म्हटलं, घालते. पण कोठीला ओल आहे, दारू आंबते, मला माझी मागची खोली हवी. त्याने तिथेच किल्ली काढून दिली. सगळं दुकानच मला दिलं, घेतलं त्याच भावात, हप्त्यांनी. अटी दोन. रविवारी बंद आणि पाटीवर दारू हा शब्द नको. मान्य केल्या. रविवारी मला झोपायला आवडतं, आणि पाटी वाचून आजवर कुणी आलेलं नाही.

आता एकच अडलं आहे. दुकान लाऊने घेतलं, पण परवाना त्याने हातात धरला नाही, विटाळ होईल म्हणून. तो वर्षअखेरपर्यंत तुझ्याच नावावर आहे. माझ्या नावावर व्हायला तुझी सही लागते. कागद सोबत आहे. तू म्हणशील परवाना तुझा असू दे, दुकान मी चालवावं. तसं मी बावीस वर्षं केलं. आता करणार नाही. सही नसेल तर कबूल केलेल्या आठ बरण्या पुऱ्या करीन, लाऊला किल्ली परत देईन आणि सिबूला कुणाच्या तरी घरी स्वयंपाकाला राहीन. हे रागाने लिहीत नाही. राग होता तो मंगळवारी संपला.

लोभ आहे. किती, ते तुझ्या सहीवर.

सिऊचिंगताई


कुचिंग,
६ जून १९८१

मु. पो. नांगा सेमुदा येथील दारूच्या दुकानाच्या मालकीणबाई सिऊचिंग तिओंग यांस,
कुचिंगहून काइहुंग तिओंगचा सा. न. वि. वि.

सही करून कागद सोबत पाठवला आहे. दोन्ही प्रतींवर केली आहे. या खेपेला आधी वाचलं आणि मग केली.

आमच्या घरी ऑक्टोबरात बाळंतपण आहे. पहिलंच आहे आणि आम्हाला फार भीती वाटते. आपल्या दुकानातून एक बरणी मिळावी, अशी विनंती आहे. आमच्या नावाची एक होती, ती मी घालवली. मागायला मी स्वतः यायला हवं, पण ह्वी लानला डॉक्टरांनी अंथरुणातून उठायची बंदी केली आहे आणि तिला एकटं सोडवत नाही. हे पत्र आपण भर बाजारात मोठ्याने वाचावं. बोट लागल्यावर वाचलं तरी चालेल.

बरणीवर खूण कुठली काढायची, ते मालकीणबाईंनी ठरवावं. आमचं काही म्हणणं नाही.

आपलं गिऱ्हाईक,
काइहुंग