बांधावरचा अर्धा माणूस

बाबा, आपल्या खारबांधाचे नियम परवा कागदावर आले, आणि ते मी लिहिले. तुझ्या वेळी लिहायची गरजच नव्हती. उधाणाने बांधाला खांड पाडून समुद्राचं पाणी शेतात सोडलं की तू वर उभा राहून एकेका घराला हाक मारायचास आणि घरटी एक जण चिखलात उतरायचा. आता निम्मे पुरुष न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलरवर असतात, आणि खारं पाणी काही त्यांची सुट्टी बघून येत नाही. कोण आलं, कोण नाही, यावरून गेल्या वर्षी इतकं वाजलं की काका म्हणाला, "पोरी, आपल्या घरात पदवीवाली तू पयली. लिवून टाक एकदाचं. जसं हाय तसं लिव." जसं आहे तसं म्हटल्यावर मला तो दिवस आठवला.

मी पाचवीत होते. तुझी भाकरी घेऊन बांधावर आले होते. ओहोटी लागली आहे, भरती परतायच्या आत खांड बुजवायची घाई आहे, चिखलाच्या टोपल्या हातोहात पुढे जात आहेत आणि तू घरं मोजतो आहेस. शेजारची आत्या, नवरा वारलेली, पदर खोचून रांगेत शिरते, आणि तू ओरडतोस, "अर्धा माणूस आला रे!" सगळे हसतात. आत्या म्हणते, "अर्धी हाय ना मी? मंग टोपली पन अर्धीच भर." तू हसत हसत तिची टोपली काठोकाठ भरतोस. रीतच होती तशी: दोन बायका मिळून एक माणूस, आणि घरात एकटीच बाई असेल तर तिने दोन पाळ्या करायच्या. संध्याकाळी चुलीपाशी मी तुला विचारलं, "आत्याची टोपली पूर्ण होती, मग ती अर्धी कशी?" तू घास हातात धरून म्हणालास, "रीत हाय ती. तुला काय कळतं बांधावरचं? आधी शीक, मंग मला सांग कोन अर्धं न कोन पुरं." आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

मी शिकले, ते बघायला तू राहिला नाहीस. कॉलेजात अभ्यासाला बाबिलोनच्या एका राजाने दगडावर कोरून घेतलेले कायदे होते, हजारो वर्षांपूर्वीचे. त्यात एक कलम होतं: आळसाने ज्याने आपला बांध राखला नाही आणि त्याच्या खांडीतून पाणी शिरून दुसऱ्यांची शेतं बुडाली, त्याने त्यांचं धान्य भरून द्यावं. मी भर वर्गात हसले. मॅडमनी विचारलं तेव्हा म्हटलं, "हे आमच्याच गावचं वाटतं." त्या राजाच्या लढाया मी विसरले, पण तिथेही कुणी एक आळशी शेजारी होता आणि सगळे त्याच्यावर चिडले होते, हे त्या कलमात मला दिसलं. जे कुणी करतच नाही, त्यावर कायदा कोण कशाला कोरेल? मग पुढचं वाचलं. बड्या माणसाचा डोळा गेला तर फोडणाऱ्याचा डोळा घ्यावा. गुलामाचा गेला तर त्याच्या किमतीच्या निम्मं द्यावं. कोरणाऱ्याने, बाबा, जसं होतं तसंच लिहिलं होतं. त्या वर्षीही आई बांधावर दोन पाळ्या करत होती, तू गेल्यापासून करायची तशाच.

नियम लिहिताना मी आधी फक्त "घरटी एक जण" एवढंच घातलं होतं. कुणालाच टोचणारं नव्हतं ते, आणि त्यात तूही झाकला गेला असतास. आईला वाचून दाखवलं. ती कोळंबी सोलत होती. म्हणाली, "कागदावर न्हाय म्हनून रीत बांधावरनं जाते व्हय? दुसरी पाळी मागतीलच." मग मी खाली ओळ घातली: बाई आली तर ती पूर्ण धरावी, तिच्याकडून दुसरी पाळी घेऊ नये.

देवळात बैठक भरली. ती ओळ ऐकून काका उठला. "ह्ये वाचून भायेरचा म्हनंल, आमी बायांना अर्धं धरत हुतो."

"धरत होतोच ना, काका."

"तुजा बापूस हाक मारायचा. त्याचं नाव खराब व्हतं यात."

"त्याचं नाव कुठे लिहिलंय?"

"लिवलं न्हाय तरी हाय."

ते खरं होतं. तेवढ्यात मागून आत्या बोलली, "लिवा गो बाय, लिवा. न्हायतर यंदा मी अर्धी खांड बुजवून घरला जाते, उरलेली तुमी बघा." हशा पिकला, हात वर झाले. काकाचा हात सर्वांत शेवटी, पण झाला.

आता तो कागद देवळाच्या भिंतीवर आहे. पुढे कधी कुणी वाचलाच, तर त्याला कळेल की इथे समुद्र अडवणारी माणसं होती, आणि हेही कळेल की बाई पूर्ण धरावी हे त्यांना लिहून ठेवावं लागलं. तू म्हणाला होतास, शिकून मला सांग, म्हणून हे सांगते आहे. पाठवायला पत्ता नाही. हे पत्र घडी घालून कपाटात, साड्यांखाली ठेवीन.

बैठकीहून येताना आईने विचारलं, "ह्ये असते बैठकीला, त काय केलं असतं?" मी लगेच म्हटलं, "पहिला हात बाबानेच वर केला असता." ती बरं म्हणाली आणि चालत राहिली. पण मला ते माहीत नाही, बाबा. मी नुसतं म्हटलं.