अर्ध्यावर थांबवलेली ओवी

माय, काल नातीनं टीव्हीवर एका प्रेमाच्या सिनेमाचं ट्रेलर दाखवलं आणि मी हसतच सुटले. आधी पडद्यावर अंधार आणि नुसती बासरी. मग एक हात, खिडकीचा गज, मानेवरची केसांची बट. तोंड आता दिसेल, मग दिसेल म्हणेपर्यंत गाणं तुटलं आणि सिनेमाचं नाव आलं. नात म्हणाली, आजी, यात हसण्यासारखं काय आहे? तिला काय सांगू, की हे सगळं तू एका दुपारी पिंपळगाव राजाच्या आपल्या घरात करून दाखवलं होतंस, आणि त्यात नायिका मी होते.

खामगावला मामाकडे गेलो की तू मला बायकांच्या दुपारच्या खेळाला न्यायचीस. टिनाचं थेटर, फटींवर गोणपाटं लावून केलेला अंधार, खाली सतरंज्या, आणि पडदा उजळला तरी बायकांची बडबड चालूच. दिवेलागणीच्या आत गावी पोचायचं म्हणून आपली गाडी चार वाजता जुंपलेली असायची, त्यामुळे जन्मात तू एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नाहीस. सुरुवातीला पुढच्या सिनेमांचे तुकडे दाखवायचे, ते मात्र तू डोळ्यांत तेल घालून पाहायचीस. कापसाच्या बाजारात ढिगातला मूठभर काढून दाखवतात ना, तसा हा नमुना, असं तू म्हणायचीस. परतीच्या वाटेवर गाडीत त्याची चिरफाड चालायची. पेटी आधी का वाजली, बाईची पाठच का दाखवली, दिवा समोर न ठेवता बाजूला का ठेवला. बाजूनं उजेड पडला की नाक उठून दिसतं, आणि अर्ध्या तोंडावर सावली राहिली की पाहणारा उरलेलं अर्धं आपल्या मनानं चांगलंच धरतो, हा तुझा शोध. बाबा म्हणायचे, ही अर्धा सिनेमा पाहते आणि दीड सिनेमा सांगते.

त्या वर्षी माझ्या लग्नाचं काही जमत नव्हतं. दोन ठिकाणांहून नकार आला होता. मी सावळी, आणि दोन्ही वेळा मला भर उन्हात अंगणात पाटावर बसवलेलं, घामानं तोंड चकाकत असलेलं. तिसरं स्थळ घाटावरचं, धाडचं, मुलगा शाळामास्तर. हेही फिसकटलं तर दोन लेकरांच्या एका बिजवराला मला द्यायचं, असं बाबांनी ठरवून टाकलं होतं. तो माणूस बाबांहून चार-पाच वर्षांनीच लहान असेल. मी दोन दिवस रडत होते. त्यात मास्तरच्या घरून विचारणा आली, मुलीला गाणं येतं का? येतं, असा निरोप तू मला न विचारताच पाठवलास. माय, माझा आवाज तुला ठाऊक होता. मी आरती म्हणायला लागले की तूच मला नुसत्या टाळ्या वाजवायला सांगायचीस. मी घाबरून तुझ्यामागे लागले, तेव्हा तू चुलीपुढून न उठता म्हणालीस, "रडू नको वं. आंधी आवाज, मंग हात, अन् तोंड सगळ्यात शेवटी. मले समजते हे."

त्या दिवशी तू सकाळपासून उजेडाच्या मागे. ओसरीच्या खिडकीवर तुझं जुनं लुगडं बांधलंस. पितळेची परात चिंचेनं घासून अंगणात अशी टेकवलीस की तिच्यावरचं ऊन दारातून आत येऊन भिंतीच्या एका जागी मऊ पडावं. आत्याला तिथे दहा वेळा उभं केलंस, डावीकडे वळ, हनुवटी खाली घे, असं करत. आत्या वैतागून पाणी भरायला निघून गेली. दुपारी दोनची वेळ धरून सगळं बसवलेलं होतं. आणि पाहुण्यांची मोटार बंद पडली राजूरच्या घाटात. ते आले तेव्हा चार वाजत आले होते.

ओसरीत पाहुण्यांचं चहापाणी चाललेलं, आणि आतल्या खोलीत तू माझं मनगट धरून गायला लागतेस. तीच ती ओवी, बहीण बांधावर उभी राहून लांबच्या धुरळ्याकडे पाहते, गाडी भावाची की परक्याची. ओसरीतलं बोलणं थांबतं. ओवीतली गाडी वेशीशी येते, आणि नेमकं तिथे तू ओवी तोडतेस आणि मला बाहेर ढकलतेस. सुपारीचं तबक घेऊन मी ठरल्या जागी जाऊन उभी राहते, तर तिथे उजेडच नाही. ऊन सरकलेलं, आणि परातीचा सगळा झोत मास्तरच्या डोळ्यांवर. वडीलधारे बसलेले, त्यामुळे बिचाऱ्याला जागा सोडता येत नाही. एक डोळा मिटून, नाक आखडून तो तसाच बसलेला. मुलीनं मान वर करू नये असं होतं, पण इतका उजेडात ठेवलेला माणूस न पाहून कसं चालेल? मी पोटभर पाहून घेतलं. मला हसू फुटलं, ते पाहून तोही हसला.

मास्तरच्या वडलांचं लक्ष मात्र ओवीत अडकलेलं. मुलीला पुढचं म्हणायला सांगा, गाडी कोणाची ते तर कळू द्या, असं ते म्हणाले. मी तबक खाली ठेवून दाराकडे पाहिलं. तेवढ्यात दारामागून तुझा आवाज आला, "बाकीचं तुमच्या घरी आयका." सगळी ओसरी हसली, बाबासुद्धा. आठव्या दिवशी होकार आला. तू परात उचलून डोक्यावर धरलीस आणि अंगणात एक गिरकी घेतलीस.

सासरी चौथ्याच दिवशी यांनी गायला सांगितलं, आणि मी खरं ते सांगून टाकलं. हे म्हणाले, "मले तवाच समजलं होतं. ओवी थांबली अन् तोच आवाज दारामांगून बोलला." वर मलाच बजावलं की मायला सांगू नको, ती खुशीत आहे. सासऱ्यांपुढे माझा गळा कायमचा बसलेलाच राहिला. आणि आवाज ओळखू येईल म्हणून तू जावई घरात असला की गुणगुणणंसुद्धा बंद करायचीस. माझ्या मुलाच्या बारशाला बायकांनी पाळणा म्हणायचा आग्रह केला, तर खुंटीवरच्या यांच्या टोपीकडे पाहून, हे घरातच आहेत असं धरून, तू पदर तोंडाला लावून खोकलीस. तुझ्यासारख्या गाणारीला ते किती जड गेलं असेल. मला वाईट वाटायचं, पण सासरी माझं नाव राहत होतं, म्हणून मी चालू दिलं. सासरे गेल्यावर तर लपवायचं काही कारणही उरलं नव्हतं. तरी बोलले नाही. आपण जिंकलो, हा आनंद तुझ्याकडून काढून घ्यायला माझं मन झालं नाही.

हे पत्र टपालात पडायचं नाही, घडी करून माझ्याजवळच राहील. तू असतीस तरी पाठवायचा धीर झाला असता का, कोण जाणे. दर अखजीला, अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी आले की पहाटे मुद्दाम तुझ्यासोबत जात्याला बसायची, आणि एक ओवी म्हण म्हणून मागे लागायची. जावई शेताकडे गेले, असं मी सांगितलं की तू मोकळी व्हायचीस. आपला आवाज जावयाला कधी ऐकू दिला नाही, या समाधानातच तू गेलीस. माय, तो त्यांनी बावीस वर्षं ऐकला. हातात चपला घेऊन ते कुंपणाआड उभे असायचे, आणि त्यांना तिथे उभं करणारी मीच होते.