जिभेला चिकटलेला तुकडा

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

शिरोळ, ता. ८ एप्रिल १९९६

ती. अण्णास, धाकट्या बहिणीचे, चन्नम्माचे शि. सा. न. वि. वि.

इकडं समदी खुशाल हायत. तूबी खुशाल असशीलच. कोल्हापुरात कॉलेजातल्या पोरांना दगडधोंडे शिकवायचे, त्यात जिवाला काय घोर?

दिवाळीत येऊन तू माझ्या सौंदर्याला काय शिकवून गेलास रे? ओढ्यातला तुकडा जिभेला लावायचा. चिकटला तर लई जुना, न्हाय तर फेकून द्यायचा. बारावीची परीक्षा संपल्यापासनं पोरगी ओढ्यात बसून ओढा चाटती. डालड्याचा डबा भरलाय. तिच्या बाबांनाबी लागण झालीया. शेतावरनं आले की एक तुकडा जिभेवर ठेवून डोळं मिटून बसत्यात, प्रसाद असल्यागत.

आता कामाचं. जयसिंगपूरच्या तंबाखूवाल्यांच्या घरनं तिला मागणी आलीया. तिला मातर तुझ्या कॉलेजात तुझाच विषय शिकायचाय. जेवण सोडलं पोरीनं. शेवटी ह्यांनी मठातल्या स्वामींच्या म्होरं शब्द दिला, की मामानं तुकडा खरंच जुना हाय असं लिहून पाठवलं तर शिकवतो, न्हाय तर अक्षता. तू काय धड लिहिणार न्हाईस असा ह्यांचा हिशोब हाय. मलाबी तसंच वाटतंय.

म्हणून मोठ्या तुकड्याचा अर्धा कपचा सोबत बांधलाय. नीट बघ आणि एका वाक्यात लिही. माया असू दे, पण ह्या टायमाला अक्कल जरा जास्त असू दे.

तुझी,
चन्नी


कोल्हापूर, ता. १६ एप्रिल १९९६

चि. सौ. चन्नम्मा हीस अ. उ. आ.

पत्र पोचले. शिव्याही पोचल्या.

तुकडा भिंगाखाली पाहिला. तो बहुधा दगड नसून हाड असावे. संभवतः जुन्या काळच्या एखाद्या रानबैलाच्या पायाचे. मात्र वाळलेली चुनखडीही जिभेला चिकटते, त्यामुळे खात्री देता येत नाही. पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागेल आणि आमच्या विभागाचे यंत्र नादुरुस्त आहे. सबब, तो जुना असल्याची शक्यता नाकारता येत नाही, एवढेच सध्या म्हणतो.

सोमलिंगरावांना सांग, तुमचा हिशोब बरोबर आहे. मी स्वतःच्या लग्नालाही होकार दिला नव्हता, फक्त नकार दिला नाही.

एक सूचना राहिली. हाड ते हाडच, कितीही जुने असले तरी. आपल्या घरात अंड्याचे नाव निघाले तरी आजी चूळ भरत असे. तेव्हा चाटणे आता पुरे. हे दिवाळीतच सांगायला हवे होते, विसरलो.

ऊन फार आहे, जपा. लोभ आहेच, तो वेगळा कळवण्याची गरज नसावी.

तुझा,
अण्णा


शिरोळ, ता. २३ एप्रिल १९९६

ती. अण्णास शि. सा. न.

ऐक आता. परवा पावणं पोरगी बघायला आल्ते. पोराची आई एवढी सोवळी, की पाणी प्यायच्या आधी तांब्या हुंगून बघितला. तुमच्यात कुणी चोरून अंडं-बिंडं खात न्हाय न्हवं, असंबी इचारलं. ह्यांचा ऊर भरून आला. लेक किती हुशार ते दाखवायला ह्यांनीच डबा भाईर काढला आणि समद्यांच्या हातावर एकेक तुकडा ठेवला. पोराच्या बानं चाटला, पोरानं चाटला, बाईंनी तर गळ्यातल्या लिंगाला हात लावून भक्तिभावानं चाटला. चिकटला म्हणून भाईरच्या सोप्यात टाळ्या! तेवढ्यात पोस्टमन आला.

हे म्हणाले, मोठ्यानं वाच, मामाचं घोळ घालणं पावण्यांनाबी ऐकू दे. मी वाचलं की. पण अण्णा, तुझं बहुधा, संभवतः, शक्यता समदं गाळून वाचलं. चुनखडीचं तर नावच काढलं न्हाय. मग उरलं एवढंच, की हा दगड न्हाय, हाड हाय, जुन्या काळच्या रानबैलाच्या पायाचं.

बाई अशा उठल्या, की एका पायात आपली आणि एका पायात माझ्या सासूची चप्पल घालून जीपमध्ये बसल्या. हे मागनं पळत होते, पावणं, च्या तर घ्या म्हणत.

शब्द स्वामींच्या म्होरं दिलेला, त्यामुळं ह्यांना मोडता येईना. जूनला पोरगी तुझ्याकडं येतीया. तुझं पत्र मी चुलीत घातलंय. ह्यांनी इचारलं तर गप बस, ते तुला झकास जमतं. माझं लगीन ठरलं तवा मलाबी शिकायचं हुतं. कुणी इचारलं न्हाय, आणि तू शेजारी बसून लाडू खात हुतास. सौंदर्याचं तसं झालेलं मला बघवलं नसतं.

राग आला तरी लोभ आटवू नकोस. भाची तुझ्याच घरी जेवणार हाय.

तुझी,
चन्नी


शिरोळ, ता. ३ फेब्रुवारी २०००

चि. सौंदर्या हीस आईचे अ. उ. आ.

पुण्याच्या मोठ्या कॉलेजातनं धाडलेलं तुझं पत्र पोचलं. मामाकडचा अर्धा कपचा तू कापून मोठ्या यंत्राखाली बघितलास, आणि ते हाड न्हवंच, निस्ती चुनखडी हाय, असं लिहितीस. मामा म्हणतो, मी तसं लिहिलंच होतं. त्यानं लिहिलं हुतं हे खरं. मी वाचलं न्हाय हेबी खरं.

तुझ्या बाबांना कळवू नको. दुसरा अर्धा त्यांनी टीव्हीवर ठेवलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला लेकीनं शोधलेला बैल म्हणून दाखवत्यात. जयसिंगपूरच्या बाईंनाबी सांगायला नको. बाटलेली जीभ सुधारायला त्या अजून सोमवारी मौन धरत्यात म्हणं. त्यांची सून लई सुखात हाय.

खोट्या हाडाच्या जोरावर शिकले म्हणून तुला रडू आलं व्हय? येडी का काय! तवा तो तुकडा हाड ठरला म्हणून तू उंबऱ्याभाईर पडलीस. आता गुळाचा खडा निघाला तरी तुला माघारी न्यायला कोण येत न्हाय.

वेळेवर जेवत जा. माया हाय ती हायच.

तुझी आई