उबेच्या कपाटाचं दार

ताई,

काल फोनवर तू म्हणालीस, "माझ्याच पोराच्या पेशी नाजूक निघाल्या, त्याला तू तरी काय करणार?" मी नुसतं हूं केलं.

जन्मतःच अपुरा राहिलेला त्याचा मूत्रमार्ग सर्जन पुरा करणार होते. त्यासाठी त्याच्या गालाच्या आतून काढलेल्या तुकड्यातल्या पेशी आमच्या लॅबमध्ये एका बारीक नळीवर वाढवायच्या होत्या. ते काम मी हट्टाने मागून घेतलं. मावशीइतकं कोण जपणार, असं वाटलं.

तिथेच चुकलं. दुसऱ्यांच्या मुलांच्या नळ्या मी उबेच्या कपाटात ठेवते आणि ठरलेल्या वेळेपर्यंत दाराला हात लावत नाही. याची मात्र येता-जाता बघत राहिले, झोपलेल्या बाळाचं पांघरूण सरकवून बघावं तशी. पेशी नाजूक नव्हत्या गं, झकास वाढत होत्या. माझ्या या सततच्या उघडझापीत बुरशी आत शिरली आणि सगळं टाकून द्यावं लागलं. तुला मात्र सांगितलं, "वाढल्याच नाहीत."

तेव्हापासून तू त्याला रोज उकडलेलं अंडं खायला लावतेस, पेशी बळकट व्हाव्यात म्हणून. त्याला अंड्याची किती शिसारी आहे, ते मला ठाऊक आहे.

आज त्याला पुन्हा तुकडा काढायला आणलंस. मी डबी घेऊन उभी होते. माझ्यासमोर मोठ्ठा आ करून तो म्हणाला, "मावशी, बघ, रोज सगळं संपवतो. आता वाढतील ना?"

मी त्याला शाबासकी दिली.

हे पत्र खिशातच ठेवणारी,
तुझी धाकटी