पाण्याचं घर

४ मार्च, मंगळवार

आज ती माझ्याशी बोलली! चार शब्द – "बर्फ संपलाय का रे?" संपला नव्हता. तरी मी धावत जाऊन नवा आणला आणि निम्मा जिन्यात सांडला. सफाईवाल्या काकू म्हणाल्या, "प्रेमात पडायचं तर पड, पण माझ्या जिन्यात नको!"

इतकं तोंडावर दिसतं की काय?

लॅबमध्ये तिच्यामागे सगळे तिला मुंगी म्हणतात. समोर मॅडम. लहानपणापासून फार लठ्ठ असलेल्या माणसांवर तिचं संशोधन चाललंय. तिचे नमुने आमच्याकडे येतात. तिचेच असं नाही – मधुमेहवाले, हृदयवाले, सगळ्यांचे. लॅब एक आणि वापरणारे दहा, नळावर भांडी लावावीत तशी रांग. रक्तातून, थुंकीतून डीएनए काढायचा, मशीनवर चढवायचा, निकाल द्यायचा. हे सगळं लॅबमधले शिकलेले लोक करतात. मी नळ्यांवर स्टिकर लावतो आणि ट्रे भरून मशीनशी नेतो. कॉलेज अर्ध्यावर सोडलेल्याच्या हातात आणखी काय देणार!

७ मार्च, शुक्रवार

घरी पुन्हा तेच. ताईने खाऊचं कपाट उघडलं. कुलूप होतं, तर पठ्ठीने मागची फळीच काढली. आईचा पारा चढला – "आत्ता जेवून उठलीस ना गं? पोट आहे का काय आहे?" ताईच्या ओठाला बिस्किटाचा चुरा लागलेला, तो पुसायचंही तिला सुचेना.

त्या कपाटाची किल्ली आई गळ्यात दोरीत घालते. मला आठवतंय तेव्हापासून. डॉक्टरच म्हणाले होते, "हिला आवरा." आई रडते आणि आवरते. ताई रडते आणि खाते. आणि मी? मी दारं आपटतो.

कॉलेजात एकाने ताई चालताना जमीन हादरल्याचा आवाज काढून दाखवला. मी त्याचा दात पाडला. प्राचार्य म्हणाले, माफी माग. मी म्हणालो, दात मागा, तो देतो – माफी नाही! संपलं कॉलेज.

८ मार्च, शनिवार

मुंगी नव्या मुलीला समजावत होती. मी शेजारी स्टिकर लावत होतो. "काहींच्या शरीरात पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचतच नाही. जनुकात एक बारीकशी चूक असते, जन्मापासून. मग मेंदूच्या लेखी ते माणूस कायम उपाशीच."

स्टिकर माझ्या अंगठ्याला चिकटला. मी मध्येच विचारलं, "मग त्यात त्यांचा काय दोष, मॅडम?"

"तुझी उंची हा तुझा दोष आहे का रे?"

घरी येईपर्यंत छाती धडधडत होती. तिच्यासाठी नाही. म्हणजे, तिच्यासाठीही. ताईला म्हटलं, चल मॅडमकडे, तिच्या संशोधनात नाव घाल. ताई म्हणाली, "परत वजनकाटा? परत कोणीतरी मान हलवणार? नको रे बाबा."

९ मार्च, रविवार

ताईला नळी दिली. "थुंक."

"कशाला?"

"काम आहे."

"तुझ्यावर थुंकायला नळी कशाला लागते?" – आणि हसली. खूप दिवसांनी. मीही हसलो. कशासाठी ते सांगितलं नाही.

१० मार्च, सोमवार

केलं!

ट्रेमध्ये शहाण्णव घरं. पंच्याण्णवांत मुंगीची माणसं. शेवटच्या घरात दर वेळी नुसत्या पाण्याची नळी असते. पाणी कशाला तपासायचं? जागा भरायला असणार. पाणी काढलं, तिथे ताई ठेवली. कोणाचं काय बिघडलं? निकाल आला की शेवटची ओळ बघायची, बस्स.

आणि ताईत ती चूक निघाली तर तो कागद मी आईपुढे ठेवीन. एकच शब्द बोलीन – बघ.

१७ मार्च, सोमवार

लिहावंसं वाटत नाही. लिहितो तरी.

सकाळी मोठ्या सरांनी सगळ्यांना पडद्यापुढे बोलावलं. मुंगी पांढरीफटक. सर तिला म्हणाले, "काय हो मॅडम, पाण्याला जनुकं कधीपासून फुटायला लागली?"

तेव्हा कळलं. पाणी जागा भरायला नसतं. पाण्यातून काहीच निघायला नको, म्हणून ते ठेवतात. त्यात काही निघालं, तर एकाचं दुसऱ्यात मिसळलंय असं धरायचं. मग अख्खा ट्रे बाद! त्यात लहान लहान मुलं होती. आईबापांना समजावून समजावून तिने गोळा केलेली. काही तर लांबची, परत येतील की नाही कोण जाणे.

"तुमच्या हातून सांडलं असणार," सर म्हणाले.

"नाही सांडलं, सर." आवाज इतका बारीक!

माझ्याच्याने राहवलं नाही. "मी ठेवलं!" ओरडलोच. "माझ्या ताईचं आहे! बाकी सगळे बरोबर आहेत, सर, कशात काही मिसळलेलं नाही!"

"कशावरून? ते सांगणारा साक्षीदार तूच काढून टाकलास."

मी तरी विचारलं – निर्लज्जासारखं – "ताईचं काय निघालं?"

"ज्या बाईने हो म्हटलेलं नाही, तिचा निकाल या लॅबमध्ये नसतो. तो पुसला जाईल. आणि तू उद्यापासून येऊ नकोस."

मुंगीने पडद्यावरच्या शेवटच्या ओळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

१८ मार्च, मंगळवार

ताईला सगळं सांगितलं. वाटलं, गळ्यात पडेल. तिच्यासाठी केलं ना!

ती म्हणाली, "माझ्या जेवणावर सगळे बोलता. माझ्या अंगावर बोलता. निदान थुंकी तरी मला विचारून घ्यायचीस."

२० मार्च, गुरुवार

सफाईवाल्या काकू रस्त्यात भेटल्या. मुंगी पुन्हा घरोघर फिरतेय म्हणे, नवे नमुने घ्यायला.

तिच्यावर प्रेम करतो म्हणायचं कुठल्या तोंडाने.

२३ मार्च, रविवार

मुंगी आली. आमच्या घरी! मी दार उघडलं, ती माझ्या बाजूने सरळ आत गेली. ताईसमोर बसली. पिशवीतून कोरी नळी काढली, संमतीचा कागद काढला, आणि ते सगळं एका बाजूला ठेवलं.

"आधी विचारायला आलेय. नको म्हणालात तर उठून जाईन. राग नाही."

ताईने कोरी नळी हातात घेऊन पाहिली, परत ठेवली. मग म्हणाली, "विचारा."

"जेवताना पोट भरलं, आता पुरे, असं कधी वाटतं?"

"पुरे म्हणजे?"

"म्हणजे समोर ताट आहे, पण नको वाटतं. भूक थांबते."

आई दारात उभी होती, हात गळ्यातल्या किल्लीवर. ताईने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"थांबते? तुमची सगळ्यांची थांबते?"